अक्का खालीच थांबायची

अक्का, तू गेलीस त्याला सव्वा महिना होऊन गेला आणि आपलं भांडण तसंच राहिलं. वीस-बावीस वर्षं चाललेलं भांडण असं मध्येच टाकून जायची तुझी रीत नव्हती. भांडलीस की शेवटचा शब्द तुझा, आणि त्यानंतर माझ्या ताटात भाकरी. या वेळी शेवटचा शब्द माझा झाला, आणि तो मला अजिबात नको आहे.

मी तुझी धाकटी जाऊ. लग्न होऊन किन्हवलीजवळच्या आपल्या गावात आले तेव्हा मी कल्याणच्या चाळीत वाढलेली, भाताचं रोप आणि गवत यातला फरक न कळणारी मुलगी होते. पहिल्या दिवशी मी तुला "अहो अक्का, तुम्ही" म्हणाले तर तुझ्या हातातलं सूप थांबलं. "'तुमी' कोणाला बोलतंस? माझ्या मागं कोण उभा हाय का?" मी खरंच तुझ्या मागे बघितलं. तू इतकी हसलीस की सुपातले तांदूळ अंगणभर झाले, आणि ते वेचता वेचता तू माझ्यासाठी 'तू' झालीस ती कायमची.

आपल्या भांडणाचा विषय कोणाला सांगितला तर हसू येईल. वर्षातून दोनदा आपण सगळे गाडी काढून फिरायला जायचो. भाताची रोपं लावून आवणी उरकली की एकदा, आणि खळ्यावरची झोडणी संपली की एकदा. ही चाल घरात तूच पाडलीस. कुठे जायचं ते तू ठरवायचीस, पीठ-मीठ तू बांधायचीस, सगळ्यांना अंधारात उठवायचं काम तुझं. आणि तिथे पोहोचलो की आम्ही सगळे गड चढायचो आणि तू पायथ्याशी थांबायचीस. मी म्हणायचे, चल. तू म्हणायचीस, नाय. एवढंच आपलं भांडण. पण तू गेल्यापासून मला तेच खातंय. आम्ही इतकी वर्षं तुला खाली ठेवून मजा करून आलो का, आणि तू बिचारी आमच्यासाठी चूल फुंकत बसलीस का? हे मला तुला नीट एकदा विचारायचं होतं, आणि विचारायच्या आधीच तू निघून गेलीस.

पण आज रडायला बसलेली नाही मी. आपल्या सहली आठवल्या की रडता येत नाही, मी करून बघितलंय.

आपण कधी लांब गेलो नाही. लोक महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात. आपल्या पर्यटनाचा नकाशा म्हशीने आखला. पहाटे चारला धार काढायची आणि संध्याकाळच्या धारेला परत गोठ्यात हजर व्हायचं, त्या दोन धारांच्या मध्ये जेवढी पृथ्वी बसेल तेवढी आपली. त्यात माहुली बसायची, गोरखगड बसायचा, सरळगाववरून टोकावड्याच्या रस्त्याला लागलं की नाणेघाट बसायचा, कसाऱ्याच्या अंगाला विहीगावचा धबधबा बसायचा. माळशेज घाट अर्धा बसायचा, त्यामुळे आपण अर्धाच बघितला. मधल्या बोगद्याच्या अलीकडे भाऊजींनी, तुझ्या यजमानांनी, गाडी वळवली कारण तुझी नजर घड्याळावर.

त्या म्हशीला तुझ्याशिवाय कोणाचा हात चालायचा नाही. एकदा मी ठरवलं की एक रात्र बाहेर राहायचंच. गावात बायका करतात तसं मी तुझं लुगडं नेसून गोठ्यात गेले, पदरही तुझ्यासारखा खोचला. म्हशीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बादलीसकट मला उडवलं. तू दारात उभी होतीस. "लुगडं माझं हाय," तू म्हणालीस, "पन तू हितं आल्यापासून बडबडतंस ती बंद कर की. मी कवा बोलते तिच्यासंगं?" आता तुझा महेश धार काढतो. तुझं तेच लुगडं खांद्यावर टाकून, तोंड बंद ठेवून. ती त्याला दूध देते. आईसारखा अबोल आहे तो, म्हणून जमलं असणार.

सुरुवातीला आपल्याकडे भाऊजींची पिकअप होती, भाजी आणि भाताची पोती वाहायची. तिच्या मागे पेंढा पसरायचा, त्यावर गोधडी, त्यावर आपण. पुढे भाऊजी आणि शेजारी 'हे', माझे यजमान, जे आसनगावच्या कंपनीत आठवडाभर उभे राहून काम करायचे आणि रविवारी पुढच्या सीटवर बसल्या बसल्या घोरायचे. मागे तू, मी, तुझा महेश, माझी पूर्वा, दोन कोंबड्या आणि पातेली. कोंबड्या जाताना जिवंत असायच्या. पूर्वाने एकदा रस्त्यात त्यातल्या एकीचं नाव ठेवलं आणि त्या दिवशी आपण सगळ्यांनी डाळ-भात खाल्ला. तू कोंबडी परत घरी आणलीस. ती नंतर चांगली तीन वर्षं अंडी देत होती.

नाणेघाटची सहल मला सगळ्यात स्पष्ट आठवते. वैशाखऱ्याला गाडी लावली. मी आदल्या आठवड्यापासून तुला पटवत होते, कारण शाळेत असल्यापासून मला ती जागा बघायची होती.

"अक्का, दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे वर. दगडात कोरलेला."

"मला आजचा पेपर धड वाचता येत नाय. दोन हजार वर्सांचा काय वाचू?"

"वाचायला नाही गं, बघायला."

"मग तू बघ न् मला येऊन सांग. तुला नायतरी बोलायला कायतरी लागतं."

वर गेले. गुहेच्या भिंतीभर ती अक्षरं, एकही ओळखीचं नाही, आणि घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण, ज्यात म्हणे जकातीची नाणी टाकायचे. मी सगळं डोळ्यांत भरून घेतलं ते तुला सांगायचं म्हणून. तुझ्यामुळे मला बघायची सवय लागली अक्का. लोक वर जाऊन वारा खातात, मी पायऱ्या मोजायचे, टाक्यात हात घालून पाणी किती थंड ते बघायचे, कारण खाली आल्यावर तू चौकशी करायचीस. भाकरी थापता थापता तुझे प्रश्न सुरू. वर सावली हाय का? वारा कुठल्या अंगानं येतो? बसायला फरशी हाय का नुसते दगूड? एखाद्या अधिकाऱ्यासारखी तू माझी तपासणी घ्यायचीस.

आणि चार दिवसांनी विहिरीवर मी ऐकलं. तू चार बायकांना ऐटीत सांगत होतीस, "नानेघाटाला दगडाचा रांजण हाय, आख्खा माणूस उभा ऱ्हाईल आत. न् भिंतीवर ही अशी अक्षरं, मुंग्यांची रांग गेल्यावानी." मुंग्यांची रांग मी म्हटलं नव्हतं, ते तू तुझं घातलंस, आणि बरोबर घातलंस. त्या बायकांना वाटलं तू उभी राहून बघून आलीस. मी कळशी भरून गपचूप घरी आले आणि मला इतकं वाईट वाटलं की रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून मी हट्टालाच पेटले.

तुझ्याकडे मात्र कारणांची कमी नव्हती. गोरखगडाला तुझा गुडघा बोलायला लागला, जो आदल्या दिवशी चिखलात दिवसभर वाकला होता तेव्हा गप्प होता. माहुलीला गाडीला राखण पाहिजे होती. पुढच्या माहुलीला चपलेचा अंगठा तुटला होता. मी माझ्या चपला काढून तुझ्यापुढे ठेवल्या तर म्हणालीस, "तुझा पाय कल्यानचा, माझा पाय गावचा, कसा बसंल?" विहीगावला गंमत झाली. तिथे चढण नाही, धबधब्यापाशी पायऱ्या उतरून जायचं असतं. मला वाटलं, आता कसली पळतेस. तर तू वरच थांबलीस. "उतरलं की मग चढायला लागतंच ना," म्हणालीस, आणि यावर आमच्या ह्यांनीसुद्धा मान डोलावली.

भातसा धरण बघायला गेलो ती आपली सगळ्यात पडलेली सहल. तिथे चढायचंही नव्हतं आणि उतरायचंही नव्हतं. सगळे एका जागी बसलो, लांबून पाणी बघितलं, शेंगा खाल्ल्या. मी खूष, अक्का पहिल्यांदा आपल्याबरोबर आहे. आणि तू तासाभरात पिशवी आवरायला घेतलीस. "नुसतं पानी काय बघायचं? पानी घरी बी हाय." त्यानंतर भातसाचं नाव तू यादीतून काढूनच टाकलंस. गड नसेल तर जायचं नाही, असा नियमच केलास. गड न चढणाऱ्या बाईने केलेला नियम.

आणि तुझा तो माहुलीच्या पायथ्याचा रस्सा. दमून, घामाघूम होऊन खाली यावं, नाल्यावर तोंड धुवावं आणि तू पत्रावळीवर भाकरी आणि वर तो लालभडक रस्सा घालावा. घरीही तूच करायचीस, त्याच मसाल्याचा, पण तशी चव कधी आली नाही. भाऊजी म्हणायचे भूक असते म्हणून. महेश म्हणायचा चुलीतल्या लाकडाचा गुण. मी तुला दहा वेळा विचारलं की तिथे काय वेगळं घालतेस. तू पदराने तोंड पुसायचीस आणि म्हणायचीस, "हवा."

नंतर पिकअप गेली, जुनी व्हॅन आली. पेंढा गेला, सीटा आल्या. मोबाइल आले. पूर्वाने वर जाऊन फोटो काढायला सुरुवात केली, दर गडावर एक सगळ्यांचा, मागे झेंडा किंवा दरवाजाची कमान. तुझ्या तेराव्याच्या आधी फ्रेमसाठी फोटो हवा होता तेव्हा आम्ही चौघेजण पाच फोन घेऊन बसलो. सगळ्या सहली होत्या. भाऊजी होते, मी होते, तीन-तीन कोनांतून मी होते. तू एकाही फोटोत नव्हतीस. महेश उठून गोठ्यात गेला. शेवटी कोणाच्या तरी हळदीतला तुझा फोटो कापून मोठा करून घेतला. भिंतीवर आता तू पिवळ्या गालांची, डाव्या बाजूला बघून कोणाला तरी दटावते आहेस. तशी तू छान दिसतेस त्यात. पण मला त्या रात्री स्वतःचा राग आला. इतक्या वर्षांत एकदा तरी फोन घेऊन खाली धावत यायला काय झालं होतं आम्हाला?

म्हणून मला आपली शेवटची सहल पुन्हा पुन्हा आठवते. गेल्या हिवाळ्यातली, झोडणीनंतरची, माहुलीची. महेश पातेलं घरीच विसरला, आणि पायथ्याच्या वाडीतल्या ठकीबाईकडून आपण टोप मागून आणला. ठकीबाई म्हणजे ती, जिच्याकडून दर वेळी आपण पाणी आणि लाकडं घ्यायचो. तीन दगडांची चूल मांडून झाली, सगळे निघाले, आणि मी बसून राहिले.

"तू काय बसलीस?" तू विचारलंस.

"मी नाही जात आज. तुझ्याबरोबर थांबते."

"येडी झालीस काय? जा गो. पोरं अजून नाल्यापतूर बी गेली नसतील."

"माहुली मी सहा वेळा बघितली. तुला एकटीला सोडून आज नाही जायची."

तू माझ्याकडे असं बघितलंस की मला वाटलं तुला भरून आलंय. तीन तास मी तुझ्याजवळ बसले. तू चूल सारखी करत राहिलीस, मी बोलत राहिले. पूर्वाच्या ठाण्यातल्या नोकरीचं बोलले, तिचा पगार, तिची रूम, रूमवरची भांडखोर मुलगी. आपल्या छपराचं बोलले. माझ्या अंगणवाडीतल्या नव्या बाईंचं बोलले. तू दोनदा म्हणालीस, "अजून जायचं असंल तर जा." एकदा म्हणालीस, "लय बोलतंस गो तू." मी ते प्रेमाने घेतलं. आणि मग मी ते बोलले जे मला कधीचं बोलायचं होतं. "अक्का, आम्ही तुला कधी वर नेलं नाही गं. मला त्याचं फार वाईट वाटतं."

तू लाकूड चुलीत सारलंस. "तुला काय कळतंय," म्हणालीस.

"कळतंय. पुढच्या खेपेला पाठीवर घेऊन नेईन, पण नेईन."

तेवढ्यात मंडळी आरडाओरडा करत खाली आली. हाच तो माझा शेवटचा शब्द. त्या दिवशी रस्सा अगदी घरच्यासारखा झाला होता, म्हणजे बरा. भाऊजी म्हणाले, टोप दुसऱ्याचा आहे ना, म्हणून. संध्याकाळी व्हॅनमध्ये तू खिडकीला डोकं टेकून झोपून गेलीस. मी माझी शाल तुझ्यावर टाकली आणि मनात म्हटलं, आज मी अक्कासाठी काहीतरी केलं.

पुढची खेप आवणीनंतरची होती, ती पावसाने बुडवली. आणि नंतरच्या खेपेला तू नव्हतीस. सकाळची धार काढून झाली, बादली ओट्यावर ठेवलीस, आणि तिथेच बसलीस ती उठली नाहीस. दूध सांडलं नव्हतं, हे मला अजून आठवतं.

तुझ्या मागे माळा आवरताना तो टोप मिळाला. "ठकीचा टोप द्यायचा ऱ्हायलाय," तू पावसाळाभर म्हणत होतीस. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून मी त्यात नवा तांदूळ भरला. हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताचा, या वर्षीचा. त्याची आवणी तूच केलीस, माझ्या शेजारच्या ओळीत, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने. तांदूळ मोजला नाही, टोप काठोकाठ भरला आणि फडकं बांधलं. परवाच्या रविवारी महेशने व्हॅन काढली. पूर्वाही आली. मी दोघांना म्हटलं, एवढं आलोय तर तुम्ही वर जाऊन या, अक्काला आवडेल. ते गेले आणि मी टोप डोक्यावर घेऊन ठकीबाईच्या दारात गेले.

तिला काही माहीत नव्हतं. टोप उतरवताना तिने विचारलं, "तुझी मोठी जाव कुठं?" मी सांगितलं. ती उंबऱ्यात बसली. बराच वेळ तांदळावरून हात फिरवत राहिली. मग उठली आणि मला म्हणाली, "ये, तुला दावते."

घराच्या मागे जांभळीचं झाड आहे. खाली बाज टाकलेली, सुंभाची, मधोमध खोलगट झालेली.

"हितं निजायची ती," ठकीबाई म्हणाली.

"कोण?"

"तुझी जाव. तुमी नाला वलांडला की ती हितं. पाठ टेकली की घोरायची. वर तुमच्या पोरांचा आरडावरडा आयकला की मी हाक मारायची, ऊठ गो, आले तुझे. मग उठायची, तोंड धुवायची न् चुलीपाशी जाऊन बसायची."

"आणि रस्सा?"

"रस्सा मीच करायची की. ती निजलेली, मग कोन करनार?"

अक्का, मी जांभळीच्या बुंध्याला धरून उभी राहिले. सव्वा महिना मी तुझ्यासाठी जीव जाळत होते, आणि तू ठकीबाईच्या हातचा रस्सा आम्हाला स्वतःचा म्हणून वाढत होतीस. मला हसू फुटलं. ठकीबाई घाबरली. मग तीही हसायला लागली. दोघी हसून हसून खालीच बसलो.

"घरी का नाही झोपली गं कधी?" मी विचारलं.

"घरी निजली तर लोकं इचारतात, काय झालं, काय दुखतं. मोठी सून ना. ती बोलायची, मला काय बी दुखत नाय, मला नुसतं निजायचं हाय."

खरं होतं ते. एकदा तू भर दुपारी ओसरीवर आडवी झालीस तर शेजारच्या तिघी काढा घेऊन आल्या होत्या. तिसरीला चहा करायला तूच उठलीस.

ठकीबाईला सगळं ठाऊक होतं. नाणेघाटाच्या पायथ्याला देवळाचा ओटा आहे, दुपारी उन्हं फिरली की गार होतो. गोरखगडाला आंब्याखाली वारा चांगला पण मुंग्या फार. विहीगावला गाडीतच, पाण्याच्या आवाजाने झोप लागते म्हणे छान. भातशाला मात्र कोणी हललंच नाही तुझ्या जवळून. तू माहुलीला आलीस की तिला बाकीच्या गडांची हकीकत सांगायचीस. म्हणजे प्रत्येक जागा तू बघितली होतीस, तुझ्या पद्धतीने. आणि पहाटे चारची धार, आवणी, झोडणी, सगळ्यांच्या उठण्याच्या आधी उठणं आणि सगळ्यांच्या झोपण्याच्या नंतर झोपणं, या सगळ्यातून वर्षाच्या दोन दुपारी तू स्वतःसाठी काढल्या होत्यास. त्यासाठी गाडी, भाऊजी, दोन कोंबड्या आणि सह्याद्री एवढं सगळं तुला हलवावं लागायचं. आम्ही तुला खाली ठेवून जात नव्हतो. तू आम्हाला वर पाठवत होतीस.

मग ठकीबाई म्हणाली, "गेल्या खेपेला तेवढी नाय निजली. तू बसलीस ना."

माझं हसू तिथेच गेलं. तीन तास. पूर्वाचा पगार, पूर्वाची रूम, छप्पर, अंगणवाडी. तुझी शेवटची दुपार मी बोलून खाल्ली, आणि वर तुला शाल पांघरवून स्वतःवर खूष झाले. मी म्हटलं, "रागावली असेल माझ्यावर."

"रागावली?" ठकीबाई म्हणाली. "तू नाल्यावर तांदूळ धुवायला गेलीस तवा मी आली, म्हटलं हिला कसंतरी वर पाठव. तर मला बोलली, 'ऱ्हाऊ दे ठके. माझ्यासाठी गड सोडून बसलीय पोर. आता हिला जा कसं सांगू? येका दिसाची झोप गेली तर गेली.'"

अक्का, सांगायचं होतंस गं. म्हणायचं, धाकटे, तोंड बंद कर, मला झोपू दे. मी गप्प बसले असते. नसते बसले, तुला ते माहीत होतं. मी दुसऱ्या दिवशी विहिरीवर सांगितलं असतं, आणि पुढच्या खेपेला सगळ्या गावाला कळलं असतं की अक्का गडाला झोपायला जाते.

ठकीबाई तांदूळ ओतून ठेवायला घरात गेली. महेश आणि पूर्वा खाली यायला अजून दीड तास होता. बाज मोकळी होती, पण मी तिच्यावर बसले नाही. शेजारी जमिनीवर बसले, जांभळीला पाठ टेकून, आणि ते दोघे येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. ठकीबाई दोनदा दाराशी येऊन गेली. तिला वाटलं मी रडते आहे, म्हणून तिने हाक मारली नाही. मी रडत नव्हते. मी तुला झोपू देत होते.